अपस्माराची मोजदाद आणि करोल बाग

मराठी घरांत फेफरे, आकडी किंवा नुसते 'फिट येणे' म्हणून ओळखला जाणारा आणि दिल्लीत मिरगी म्हटला जाणारा अपस्मार हा मेंदूचा विकार भारतीय वैद्यकाला प्राचीन काळापासून ठाऊक होता. चरकसंहितेने स्मृतीचा लोप ही त्याची मुख्य खूण मानून त्याचे वातज, पित्तज, कफज आणि सान्निपातिक असे चार प्रकार सांगितले. मात्र शहरातल्या दर हजार माणसांत तो कितीजणांना असतो, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत जवळजवळ कोणी विचारलाच नाही.

नवी दिल्ली वसवताना उठवलेल्या वस्त्यांमुळे आणि १९४७ नंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या निर्वासितांमुळे दाट झालेल्या करोल बागेत हकीम अजमल खान यांचे आयुर्वेदिक व युनानी तिब्बिया महाविद्यालय आहे, ज्याचे उद्घाटन १३ फेब्रुवारी १९२१ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते झाले. आयुर्वेदाचा अपस्मार आणि युनानी वैद्यकाचा 'सरअ', म्हणजे मेंदूच्या पोकळ्यांत कफासारखा दोष अडकून येणारा झटका, या एकाच विकाराच्या दोन व्याख्या येथे शेजारी नांदल्या. झटका आलेल्या माणसाला कांदा किंवा चप्पल हुंगवणाऱ्या समाजात त्याचे कारण शरीरातच शोधणारी ही दृष्टी मोलाची होती. पण वैद्याला दिसतो तो दारात आलेला रुग्ण, आणि घरात लपवलेला रुग्ण कोणत्याही दवाखान्याच्या वहीत सापडत नाही.

म्हणून व्याप्तीदर, म्हणजे विशिष्ट वेळी दर हजार लोकसंख्येमागे असलेली रुग्णसंख्या, काढायची तर घरोघर जाणे भाग असते. मुंबईत १९८५ साली डॉ. नादिर भरुचा आणि सहकाऱ्यांनी पारशी वसाहतींतील १४,०१० रहिवाशांची अशी पाहणी केली, तेव्हा हा दर हजारी ४.७ आणि सक्रिय अपस्माराचा, म्हणजे अलीकडच्या काळातही झटके येत असलेल्या किंवा औषध चालू असलेल्या रुग्णांचा, ३.६ आढळला. पुढे डॉ. एम. गौरीदेवी यांच्या नेतृत्वाखाली बेंगळुरू परिसरातील १,०२,५५७ लोकांच्या पाहणीत शहरी दर हजारी ५.७, तर ग्रामीण दर ११.९ निघाला. गावांत जवळपास दुप्पट रुग्ण आढळावेत, याचा विचार करताना बाळंतपणातील इजा, मेंदूचे संसर्ग आणि उपचारांची वानवा यांकडे पाहावेच लागते. शहराचा आकडा लहान दिसला तरी फसवा आहे, कारण लाखभर वस्तीच्या भागात त्याचा अर्थ सुमारे पावणेपाचशे ते पावणेसहाशे माणसे असा होतो. या गौरीदेवींनी पुढे करोल बागेलगतच्या सर गंगाराम रुग्णालयातही काम केले.

अशा पाहणीचे यश अखेर दारात उभ्या गृहिणीच्या खऱ्या उत्तरावर अवलंबून असते, आणि ते उत्तर देणे कायद्यानेच अवघड केले होते. हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली झालेल्या दुरुस्तीने अपस्माराचे वारंवार येणारे झटके वेडाच्या झटक्यांच्या पंक्तीला बसवले आणि अशा व्यक्तीशी झालेला विवाह रद्द करून घेण्याची वाट मोकळी केली. ही तरतूद अन्यायाची होती, कारण उपचारांनी बहुसंख्य रुग्णांचे झटके आटोक्यात येतात, हे तोवर वैद्यकाला पुरते माहीत होते. मुलीला फिट येते हे मान्य करणे म्हणजे तिचे लग्न धोक्यात घालणे, अशी स्थिती असताना बेंगळुरूची पाहणी झाली. कायद्यातून 'अपस्मार' हा शब्द वगळला गेला तो १९९९ साली.