बीड जिल्ह्यातील दिव्यांग पुनर्वसन सेवा

बीड जिल्ह्यातील दिव्यांग पुनर्वसन सेवा या संज्ञेत महाराष्ट्राच्या मराठवाडा विभागातील बीड जिल्ह्यात दिव्यांग व्यक्तींसाठी उपलब्ध असलेल्या निदान, प्रमाणपत्र, उपचार, सहायक साधने, शिक्षण, अर्थसाहाय्य व उपजीविका या सेवांचा समावेश होतो. या सेवा केंद्र शासन, महाराष्ट्र शासन, जिल्हा परिषद, ग्रामपंचायती, नगरपालिका आणि स्वयंसेवी संस्था यांच्यामार्फत दिल्या जातात. ग्रामीण लोकसंख्येचे मोठे प्रमाण, तज्ज्ञ सेवा देणाऱ्या ठिकाणांपर्यंतचे अंतर आणि ऊसतोडीसाठी दरवर्षी होणारे हंगामी स्थलांतर यांमुळे सेवांचे सातत्य टिकवणे हा या जिल्ह्यातील पुनर्वसनाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

## पार्श्वभूमी

### जिल्ह्याची रचना

बीड जिल्ह्याचे क्षेत्रफळ १०,६९३ चौ. किमी असून २०११च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २५,८५,०४९ आहे. त्यांपैकी सुमारे ८० टक्के लोक ग्रामीण भागात राहतात. जिल्ह्यात बीड, आष्टी, पाटोदा, शिरूर (कासार), गेवराई, माजलगाव, वडवणी, केज, धारूर, परळी व अंबाजोगाई हे ११ तालुके आहेत. उत्तरेला गोदावरी नदीची सीमा आणि मध्यभागी बालाघाट डोंगररांग अशी जिल्ह्याची ठेवण असून बराचसा भाग अवर्षणप्रवण आहे.

जिल्ह्यातील शासकीय आरोग्यसेवेची दोन मोठी केंद्रे आहेत. जिल्हा रुग्णालय बीड शहरात आहे, तर १९७४ मध्ये स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय अंबाजोगाई येथे, जिल्ह्याच्या आग्नेय भागात आहे. अंबाजोगाईजवळ लोखंडी सावरगाव येथे वृद्धत्व व मानसिक आजार केंद्र आहे. जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला असलेल्या आष्टी तालुक्यातील रहिवाशांना अंबाजोगाईला जाण्यासाठी जवळजवळ संपूर्ण जिल्हा ओलांडावा लागतो. आष्टीहून अहिल्यानगर शहर बीडपेक्षाही जवळ पडते.

### संज्ञा व प्रमाण

मराठीत पूर्वी ‘अपंग’ व ‘विकलांग’ हे शब्द रूढ होते. २०१५ नंतर शासकीय व्यवहारात ‘दिव्यांग’ हा शब्द वापरात आला. २०११च्या जनगणनेत भारतात २,६८,१४,९९४ दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. हे प्रमाण लोकसंख्येच्या २.२१ टक्के होते. महाराष्ट्रातील नोंद २९,६३,३९२ इतकी होती. ही गणना आठ प्रकारांनुसार झाली होती. २०१६च्या कायद्याने मान्य दिव्यांगत्वाचे प्रकार २१ केल्यामुळे जनगणनेचे आकडे आणि आजची कायदेशीर व्याख्या यांची थेट तुलना करता येत नाही.

## कायदेशीर चौकट

भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम, १९९२ अन्वये पुनर्वसन क्षेत्रातील व्यावसायिकांचे प्रशिक्षण व नोंदणी यांचे नियमन होते. १९९५च्या दिव्यांग व्यक्तीविषयक कायद्यात सात प्रकारांना मान्यता होती आणि शासकीय नोकऱ्यांत ३ टक्के आरक्षण होते. संयुक्त राष्ट्रांनी २००६ मध्ये स्वीकारलेल्या दिव्यांग हक्क कराराला भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी अनुसमर्थन दिले. या कराराशी सुसंगत असा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यातील पुनर्वसनाशी संबंधित प्रमुख तरतुदी पुढीलप्रमाणे आहेत :

* किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तीस ‘लक्षणीय दिव्यांगत्व’ असलेली व्यक्ती मानले जाते व बहुतेक योजनांचा लाभ या निकषावर मिळतो.
* ६ ते १८ वर्षे वयाच्या अशा मुलांना जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे.
* शासकीय नोकऱ्यांत किमान ४ टक्के आणि शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव आहेत.
* दारिद्र्य निर्मूलनाच्या योजनांत ५ टक्के आरक्षण असून त्यात दिव्यांग स्त्रियांना प्राधान्य आहे.

## प्रशासकीय रचना

राज्य पातळीवर दिव्यांग कल्याण आयुक्तालयाचे कार्यालय पुणे येथे आहे. सामाजिक न्याय विभागाकडे असलेला हा विषय वेगळा काढून डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र शासनाने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग निर्माण केला. जिल्हा पातळीवर मात्र हे काम अनेक कार्यालयांत विभागलेले आहे. प्रमाणपत्र आरोग्य यंत्रणेकडून मिळते. मासिक अर्थसाहाय्याचा अर्ज तहसील कार्यालयात होतो. विशेष शाळांचे पर्यवेक्षण जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडे, तर सर्वसाधारण शाळांतील समावेशित शिक्षण शिक्षण विभागाकडे असते. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करणे राज्यात बंधनकारक आहे. ज्या ग्रामपंचायतींची करवसुली कमी आहे, तेथे या तरतुदीतून उपलब्ध होणारी रक्कमही अल्प राहते.

या विखुरलेल्या सेवा एका छताखाली आणण्याच्या हेतूने केंद्र शासनाने नवव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात, १९९९-२००० मध्ये, जिल्हा दिव्यांग पुनर्वसन केंद्रांची योजना सुरू केली. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा व्यवस्थापन समिती, भौतिकोपचार व वाचा-उपचार तज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि कृत्रिम अवयव तंत्रज्ञ अशी या केंद्राची अपेक्षित रचना आहे. सर्वेक्षण, शिबिरे, साधनांचे वाटप व दुरुस्ती, समुपदेशन आणि योजनांसाठी मार्गदर्शन ही त्याची कामे होत.

## सेवांचे स्वरूप

### लवकर निदान

फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ० ते १८ वर्षे वयोगटातील मुलांची तपासणी केली जाते. जन्मजात व्यंग, पोषणद्रव्यांची कमतरता, बालपणीचे आजार आणि विकासातील विलंब असे चार गट त्यात पाहिले जातात. वैद्यकीय पथके अंगणवाड्यांना वर्षातून दोनदा व शाळांना एकदा भेट देतात. पुढील तपासणी व उपचारांसाठी मुलांना जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवण्याची तरतूद आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र शासनाने दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडी कार्यपद्धती जाहीर केली. तिच्यामुळे विकासातील विलंब ओळखणे हा अंगणवाडी सेविकेच्या कामाचा भाग झाला.

निदानाच्या वयाला यात विशेष महत्त्व आहे. जन्मजात बहिरेपण असलेल्या बालकाला पहिल्या काही वर्षांत श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट व त्यासोबत वाचा-उपचार मिळाल्यास बोलीभाषा आत्मसात होण्याची शक्यता वाढते. उशिरा निदान झाल्यास तोच उपचार कमी परिणामकारक ठरतो. मेंदूच्या पक्षाघाताने बाधित मुलांमध्येही भौतिकोपचार लांबल्यास सांधे आखडण्यासारखी गुंतागुंत वाढते.

### प्रमाणपत्र व वैश्विक ओळखपत्र

दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र हे जवळजवळ सर्व योजनांचे प्रवेशद्वार आहे. राज्यात पूर्वी ‘एसएडीएम’ या संगणक प्रणालीतून प्रमाणपत्रे दिली जात; आता केंद्राच्या ‘स्वावलंबन’ संकेतस्थळावर अर्ज करून वैश्विक ओळखपत्र म्हणजेच यूडीआयडी कार्ड मिळवावे लागते. या कार्डावर पांढरी, पिवळी किंवा निळी पट्टी असते. पांढरी पट्टी ४० टक्क्यांपेक्षा कमी, पिवळी ४० ते ७९ टक्के आणि निळी ८० टक्के व त्याहून अधिक दिव्यांगत्व दर्शवते.

अस्थिव्यंगाची तपासणी तुलनेने कमी वेळात होऊ शकते. बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता किंवा विशिष्ट अध्ययन अक्षमता ठरवण्यासाठी मात्र मानसशास्त्रीय चाचण्या लागतात, तर लहान मुलांचे बहिरेपण मोजण्यासाठी ‘बेरा’ चाचणी करावी लागते. अशा तपासण्या सर्वच ग्रामीण रुग्णालयांत होत नसल्याने या गटांतील कुटुंबांना एकाहून अधिक फेऱ्या माराव्या लागतात. सोबत जाणाऱ्या व्यक्तीची त्या दिवसाची मजुरी बुडते. राज्य परिवहन महामंडळाच्या बसमध्ये दिव्यांगांना ७५ टक्के भाडेसवलत आहे, तथापि ती मिळवण्यासाठीही आधी ओळखपत्र असावे लागते.

### सहायक साधने व उपचार

केंद्र शासनाच्या १९८१ पासूनच्या ‘अ‍ॅडिप’ योजनेतून तीनचाकी सायकल, चाकाची खुर्ची, कुबड्या, कॅलिपर, श्रवणयंत्र, पांढरी काठी व कृत्रिम अवयव दिले जातात. यांपैकी बरीच साधने कानपूर येथील ‘अलिम्को’ या सार्वजनिक उपक्रमात तयार होतात. वाटप प्रामुख्याने शिबिरांतून होते. आधी मोजमापाचे शिबिर व काही काळाने वाटपाचे शिबिर असा त्याचा क्रम असतो.

साधन मिळाल्यानंतरही पुनर्वसनाचे काम संपत नाही. कृत्रिम पायाची खोबण उरलेल्या अवयवावर घट्ट व वेदनारहित बसावी लागते, आणि पहिल्या काही महिन्यांत त्या अवयवाचा आकार बदलत असल्याने ती पुन्हा जुळवावी लागते. वाढत्या मुलांचे कॅलिपर ठरावीक काळाने बदलावे लागतात. श्रवणयंत्राला बॅटरी व कानाच्या मापाचा साचा लागतो. दुरुस्तीची सोय जवळ नसल्यास साधन घरात पडून राहते. दक्षिण-पूर्व आशिया विभागासह भारताला मार्च २०१४ मध्ये पोलिओमुक्त घोषित करण्यात आले. तथापि पूर्वी पोलिओ झालेली पिढी आज मध्यम वयात असून तिला साधनांची दीर्घकाळ गरज राहणार आहे.

### शिक्षण

राज्यात अंध, मूकबधिर, अस्थिव्यंग व मतिमंद या जुन्या वर्गीकरणानुसार विशेष शाळा चालतात. त्यांपैकी बहुसंख्य स्वयंसेवी संस्थांच्या आहेत. समग्र शिक्षा योजनेत विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी सर्वसाधारण शाळेत विशेष शिक्षकांचे साहाय्य आणि तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलांसाठी गृहाधारित शिक्षण यांची तरतूद आहे.

### अर्थसाहाय्य, उपजीविका व पालकत्व

१९८० पासून सुरू असलेल्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून पात्र दिव्यांगांना मासिक साहाय्य मिळते. ही रक्कम २०२३ मध्ये १,००० वरून १,५०० रुपये व २०२५ मध्ये दिव्यांग लाभार्थ्यांसाठी २,५०० रुपये करण्यात आली. अपघाताने दिव्यांगत्व आलेल्या शेतकऱ्यांसाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. तीत दोन अवयव किंवा दोन्ही डोळे निकामी झाल्यास २ लाख रुपये आणि एक अवयव किंवा एक डोळा निकामी झाल्यास १ लाख रुपये मिळतात. स्वयंरोजगारासाठी महाराष्ट्र राज्य दिव्यांग वित्त व विकास महामंडळाकडून कर्ज उपलब्ध होते.

स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक दिव्यांगत्व व बहुदिव्यांगत्व असलेल्या व्यक्तींसाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ लागू आहे. व्यक्ती १८ वर्षांची झाल्यावर आई-वडिलांचे नैसर्गिक पालकत्व संपते. त्यानंतर कायदेशीर पालक नेमण्याचा अधिकार या कायद्यान्वये जिल्ह्यातील स्थानिक स्तर समितीला आहे. न्यासाच्या ‘निरामय’ आरोग्य विमा योजनेत १ लाख रुपयांपर्यंतच्या खर्चास संरक्षण असून नियमित उपचारांचाही त्यात समावेश होतो.

## हंगामी स्थलांतराचा परिणाम

बीड हा राज्यातील ऊसतोड कामगारांचा प्रमुख जिल्हा आहे. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकात जातात. पती-पत्नीच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात व कामाचा हिशेब त्यावर होतो. ही कुटुंबे फडाजवळच्या कोप्यांत साधारणतः पाच-सहा महिने राहतात.

दिव्यांग व्यक्ती असलेल्या कुटुंबापुढे यामुळे दोनच पर्याय राहतात : तिला फडावर सोबत नेणे किंवा गावी वृद्ध नातेवाइकांच्या हवाली करणे. सोबत नेलेल्या मुलाचे भौतिकोपचार, शाळा व अंगणवाडीतील तपासणी खंडित होतात. गावी राहिलेल्या व्यक्तीला रुग्णालयात नेणारे कोणी नसते. मोजमाप हंगामापूर्वी आणि वाटप हंगामात झाल्यास लाभार्थी अनुपस्थित राहतो. हयातीचा दाखला वेळेत सादर न झाल्यास अनुदान थांबू शकते. ऊसतोडीत ओझ्याच्या मोळ्या वाहणे, कोयत्याची इजा आणि वाहतुकीतील अपघात हीसुद्धा दिव्यांगत्वाची संभाव्य कारणे आहेत. ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठी राज्य शासनाने २०२१ मध्ये संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर केली. अशा वसतिगृहांचा उपयोग दिव्यांग मुलांना होण्यासाठी उतार, सुलभ स्वच्छतागृहे व प्रशिक्षित काळजीवाहक असणे आवश्यक ठरते.

## प्रमाणपत्रांची फेरतपासणी

जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्यांत दिव्यांग शिक्षकांना ‘विशेष संवर्ग भाग १’ अंतर्गत प्राधान्य मिळते. या सवलतीचा गैरवापर होत असल्याच्या तक्रारींनंतर बीड जिल्हा परिषदेने प्रमाणपत्रांची फेरतपासणी करवून घेतली व २०२३ मध्ये काही शिक्षकांना निलंबित केले. २०१६च्या कायद्याच्या कलम ९१ नुसार फसवणुकीने लाभ घेणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अशा प्रकरणांचा अप्रत्यक्ष भार खऱ्या दिव्यांगांवर पडतो. पडताळणी कडक झाली की तपासणीच्या फेऱ्या वाढतात व दूरच्या गावातील अर्जदाराला त्या सर्वाधिक महाग पडतात.

## सुधारणेच्या दिशा

जागतिक आरोग्य संघटनेने १९७८ च्या अल्मा-आटा परिषदेनंतर पुढे आणलेली समुदायाधारित पुनर्वसनाची संकल्पना ग्रामीण जिल्ह्यांसाठी उपयुक्त मानली जाते. संघटनेच्या २०१०च्या मार्गदर्शिकेत आरोग्य, शिक्षण, उपजीविका, सामाजिक सहभाग व सक्षमीकरण असे तिचे पाच घटक दिले आहेत. आशा कार्यकर्ती, अंगणवाडी सेविका व कुटुंबीय यांना प्राथमिक व्यायाम व निगा शिकवून तज्ज्ञांची भेट ठरावीक अंतराने घडवणे, हा तिचा गाभा आहे.

बीडच्या परिस्थितीत या संकल्पनेतून पुढील उपाय सुसंगत ठरतात :

* मोजमाप व वाटप ही दोन्ही शिबिरे मे ते सप्टेंबर या काळात, म्हणजे कुटुंबे गावी असताना घेणे;
* तपासणी मंडळाचे ठरावीक दिवस उपजिल्हा रुग्णालयांत ठेवून पश्चिमेकडील तालुक्यांचा प्रवास वाचवणे;
* साधनांच्या दुरुस्तीसाठी फिरते पथक किंवा तालुक्याच्या ठिकाणी कार्यशाळा चालवणे;
* बालकाची तपासणी व उपचार यांची नोंद कुटुंबासोबत नेता येईल अशा पत्रिकेत ठेवणे, जेणेकरून कारखाना परिसरातील आरोग्य केंद्रात उपचार पुढे चालू राहतील;
* स्थानिक स्वराज्य संस्थांच्या ५ टक्के निधीचा हिशेब ग्रामसभेत मांडणे.

## हे सुद्धा पहा

* बीड जिल्हा
* दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६
* संजय गांधी निराधार अनुदान योजना
* ऊसतोड कामगार
* स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय