चावडीवरची ओळख आणि सर्व्हरवरची नोंद

माढा तालुक्यातलं मोडनिंब हे पुणे-सोलापूर महामार्गावरचं, मिरज-कुर्डुवाडी लोहमार्गावरचं, बोरांच्या बाजारासाठी ओळखलं जाणारं गाव. अशा गावात खासगीपणाचा विषय काढला की आक्षेप ठरलेला असतो: गावात काय लपतं? कुणाच्या डाळिंबाच्या बागेवर किती कर्ज आहे, कुणाची सोयरीक मोडली, कुणाचा पोरगा पुण्यात काय करतो, हे सगळ्यांनाच ठाऊक. मग सरकारला कळलं तर बिघडलं काय? हा आक्षेप प्रामाणिक आहे. शहरी लिखाणाने त्याची कधी दखलच घेतली नाही, म्हणून खासगीपणाची चर्चा तालुक्याच्या गावांपर्यंत पोचली नाही. हाच पूर्वपक्ष मानून विवेचन करू.

गावाला माणसाबद्दल जे माहीत असतं ते परस्पर असतं. शेजाऱ्याला माझं कर्ज माहीत, तसं मला त्याचं. ते हळूहळू पुसट होतं; दहा वर्षांपूर्वीची भानगड गाव सहसा उकरून काढत नाही. शिवाय ते माणसाला ओळखून असतं: हप्ता थकला तो पाऊस गेल्यामुळे की दारूमुळे, हा फरक चावडीवर बसलेल्याला कळतो. सर्व्हरवरची नोंद या तिन्ही बाबतींत उलटी. ती पाहणाऱ्याला मी पाहू शकत नाही, ती आपोआप पुसली जात नाही, आणि कारण सोडून फक्त आकडा सांगते. महाभूलेख संकेतस्थळावर गट नंबर टाकला की सातबारा दिसतो, इतर हक्कांतला बँकेचा बोजाही दिसतो. जमिनीची मालकी उघडी असलीच पाहिजे, नाहीतर एकच जमीन दोघांना विकली जाईल. पण तोच बोजा आता मोडनिंब कधी न पाहिलेल्या माणसालाही दिसतो, आणि त्याला त्या शेतकऱ्याबद्दल दुसरं काहीच माहीत नसतं.

यावरून पाळतीची व्याख्या करता येते. एका बाजूला दिसतं, दुसऱ्या बाजूला दिसत नाही, आणि ज्याला दिसतं त्याच्या हाती लाभ देण्याची किंवा शिक्षा करण्याची सत्ता असते, तिथे पाळत असते. तिला गुप्तहेर लागत नाही, कॅमेराही लागत नाही. एक यादी पुरते.

सोलापूर जिल्ह्याला हे नव्याने सांगायला नको. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा 1911 साली विस्तार झाला आणि जन्मावरून गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या बोटांचे ठसे घेण्याची तरतूद आली. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड सेटलमेंट उभी राहिली. तिथल्या माणसांनी गिरण्यांत मजुरी केली, हजेरी दिली, बाहेर जायचं तर परवानगी घेतली. 31 ऑगस्ट 1952 रोजी या जमाती विमुक्त झाल्या. सर्वात महत्त्वाचा मुद्दा क्रमाचा आहे: त्यांच्या बाबतीत यादी आधी झाली, गुन्हा नंतर शोधला गेला. ‘ज्याने काही केलं नाही त्याला कसली भीती’ हे वाक्य पारधी किंवा कैकाडी वस्तीत उभं राहून म्हणता येत नाही. काहीही न करता यादीत गेलेल्यांच्या पिढ्या तिथे राहतात.

आजच्या सरकारी पाळतीचे मला तीन प्रकार दिसतात: संशयाची, सोयीची आणि लाभाची.

संशयाची पाळत म्हणजे फोन टॅपिंग. तिला 1885 च्या टेलिग्राफ कायद्याचा आधार होता. आता 2023 चा दूरसंचार कायदा आहे. आदेश गृहसचिव देतात, त्याची तपासणी सचिवांचीच समिती करते. न्यायाधीश कुठेच नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 22 ऑक्टोबर 2019 रोजी मुंबईतल्या एका व्यावसायिकाच्या फोन टॅपिंगचे तीन आदेश रद्द केले, कारण सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता यांपैकी कोणतंच कारण तिथे नव्हतं. हे आदेश 2009-10 चे होते. त्या माणसावर खटला झाला म्हणून ध्वनिमुद्रण उघड झालं. ज्याच्यावर खटलाच होत नाही त्याला आपलं बोलणं ऐकलं गेल्याचं कळवण्याची सोय आपल्या कायद्यात नाही. पेगासस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने 29 फोन तपासले, पाचांमध्ये घातक सॉफ्टवेअर सापडलं, ते पेगाससच आहे असं सिद्ध झालं नाही. केंद्र सरकारने सहकार्य केलं नाही, हे ऑगस्ट 2022 मध्ये न्यायालयातच सांगितलं गेलं.

सोयीच्या पाळतीबद्दल थोडक्यात. मोडनिंबजवळच्या वरवडे टोलनाक्यावर गाडी थांबायला नको म्हणून फास्टॅग आला, फेब्रुवारी 2021 पासून तो सक्तीचा झाला. रांगा खरंच कमी झाल्या. पण पूर्वी टोलची पावती खिशात राहायची. आता कोणती गाडी किती वाजता गेली याची नावानिशी नोंद दुसऱ्याकडे राहते.

तिसरा प्रकार लाभाचा, आणि खेड्यातल्या माणसाला हाच रोज भेटतो. रेशनच्या ई-पॉस यंत्रावर अंगठा, ई-पीक पाहणीत पिकाचा फोटो, कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक. आधारचा पहिला क्रमांकही 29 सप्टेंबर 2010 रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. लाडकी बहीण योजनेत परिवहन विभागाच्या वाहननोंदी पात्रता तपासायला वापरल्या गेल्या. सप्टेंबर 2025 मध्ये सुरू झालेल्या ई-केवायसीत बाईच्या आधारसोबत पतीचा किंवा वडिलांचा आधारही मागितला गेला. करदात्याचा पैसा आहे, पात्रता तपासलीच पाहिजे; अंगणवाडी सेविका घरोघर जाऊन खात्री करत होत्या, ती पद्धत मला योग्य वाटते, कारण तिथे बाईला समोरासमोर उत्तर देता येतं. पण नवऱ्याने टाकलेल्या बाईने त्याचा ओटीपी कुठून आणायचा? आणि एका खात्याची नोंद दुसऱ्या खात्यात शिक्षेसारखी लागू झाली, तर कोणत्या नोंदीमुळे नाव गेलं हे तिला लेखी कोण सांगणार? ऊसतोडीत झिजलेला अंगठा यंत्राने ओळखला नाही, तर दोष मजुराच्या माथी बसतो. या पाळतीत संमती घेतली जाते असं म्हणतात. लाडकी बहीणच्या महिन्याच्या दीड हजारावर ज्या घरातला किराणा अवलंबून आहे, तिथल्या संमतीला मी संमती मानत नाही.

थेट खात्यात पैसे आल्याने मधल्या दलालांची साखळी तुटली, हे कुणी नाकारू नये. माझा विरोध नोंदीला नाही, तिच्या एकतर्फीपणाला आहे. कसोटी उपलब्ध आहे. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि त्यात हात घालण्यासाठी कायदा, रास्त हेतू, प्रमाणबद्धता आणि गैरवापराविरुद्ध संरक्षण यांची अट सांगितली. आपल्याकडे पहिल्या दोन गोष्टी सहज जुळतात; शेवटच्या दोन कागदावर राहतात. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कलम 17 ने केंद्राला आपल्या यंत्रणा कायद्यातून वगळण्याची मुभा दिली. त्याच कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम 8(1)(ञ) मधली सार्वजनिक हिताची तरतूद काढली. सार्वजनिक हितासाठी कलम 8(2) तेवढं उरलं. घरकुलाची यादी किंवा रोजगार हमीचं हजेरीपत्रक मागणाऱ्याला ‘ही व्यक्तिगत माहिती आहे’ असं उत्तर देणं सोपं झालं. नागरिकाचा खासगीपणा राखायच्या नावाने कारभार झाकला गेला आणि नागरिक मात्र उघडाच राहिला. हा कायदा मला म्हणूनच उलट्या दिशेचा वाटतो.

कायदा बदलेपर्यंत दोन गोष्टी हातातल्या आहेत. आधारच्या संकेतस्थळावर गेल्या सहा महिन्यांत आपला आधार कुठे कुठे पडताळला गेला ते पाहता येतं, आणि अंगठ्याचे ठसे कुलूपबंदही करता येतात. गावातल्या शिकल्यासवरल्या पोरांनी आपल्या आईवडिलांचा, शेजारच्या म्हातारीचा हा पडताळणीचा इतिहास एकदा काढून त्यांना वाचून दाखवावा. आणि पुढच्या ग्रामसभेत एक ठराव मांडावा: योजनेतून ज्याचं नाव कमी होईल त्याला कोणत्या नोंदीवरून ते झालं हे लेखी कळवलं जावं, आणि नाव कमी होण्याआधी त्याचं म्हणणं ऐकलं जावं.