मंजुघोषेचा चमत्कार

ज्या ग्रंथप्रकारास आपण कादंबरी म्हणतो, त्याचे नावच मुळी एका अद्भुत कथेवरून पडले आहे. सातव्या शतकातील बाणभट्टाच्या नायिकेचे ते नाव. आणि तिचे प्रेम काही एका जन्मात आटोपण्यासारखे नव्हते. तेव्हा आमच्या कादंबरीने आरंभी चमत्कारांच्या मागे लागावे यात नवल ते काय? 1861 साली लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' निघाली. त्याच वर्षी कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी इंग्रजीवरून मराठीत आणण्यास प्रारंभ केला. आणि 1868 साली नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' आली.

आमचे बालपण मुरुम येथे गेले. हे गाव 1948 च्या सप्टेंबरापर्यंत निजामाच्या राज्यात होते, व सरकारी शाळांतील वरचे शिक्षण तेव्हा उर्दूतून होई. त्यामुळे आमच्या आजोबांच्या तोंडी हातिमताई उर्दूतून आणि सिंदबाद मराठीतून असा कारभार चाले, व आम्हांस ते दोघे एकाच गावचे वाटत. पुढे नाथमाधवांचा 'वीरधवल' (1913) हाती पडला. सिंहगडाच्या कड्यावरून पडून कमरेखाली लुळ्या झालेल्या या लेखकाने आपल्या पात्रांस मात्र क्षणभर स्वस्थ बसू दिलेले नाही!

ही सारी पुस्तके आम्ही अलीकडे पुन्हा काढली. त्यांत कथेहून अधिक वेळ आम्हांस 'मंजुघोषे'च्या प्रस्तावनेने अडकवून ठेवले. रिसबूड तेथे सरळच सांगतात की, आम्हां हिंदूंच्या विवाहपद्धतीमुळे व इतर कारणांमुळे आमच्या आयुष्यात मन रमावे असे गुण नाहीत की दोष नाहीत. नित्याचे लिहावे तर रस नाही, म्हणून अद्भुताचा आश्रय करावा लागतो.

हे म्हणणे कितपत खरे? बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' 1857 मध्येच प्रसिद्ध झाले होते, म्हणजे विधवाविवाहाचा कायदा होऊन पुरते वर्षही लोटले होते न लोटले तोच. त्यात विधवांचे हाल आहेत, आणि ते काही लेखकाने कल्पनेने रचलेले नाहीत. तेव्हा सामग्री नव्हती असे नाही. ती घरोघर माजघरात होती. पुढे हरिभाऊ आपट्यांनी 'पण लक्षात कोण घेतो?' मध्ये तिच्याकडे पाहिले, आणि योगायोग असा की त्यांचीही नायिका यमुनाच.

तथापि रिसबूडांस अगदीच दोषी ठरविण्यास आमचे मन घेत नाही. संमतिवयाचा कायदा 1891 साली होऊन ती मर्यादा दहाची बारा झाली, तर पुण्यात केवढे काहूर उठले! मुलींच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरविणारा शारदा कायदा तर 1929 चा. अशा समाजात जाणती, उपवर युवती आपल्या मनाने वर निवडते, त्याच्यासाठी झुरते, हाच 1868 च्या वाचकास खरा चमत्कार होता. भुयारे, वेषांतरे व अकल्पित भेटी ही त्यावरची झूल. लहानपणी आम्ही झूलच पाहत होतो. आत काय आहे ते आता कोठे दिसू लागले.

'वीरधवल' मात्र यंदा आम्ही अर्ध्यावर मिटून ठेवला. त्यातील योगायोग आता पचत नाहीत. राहिलेला अर्धा भाग, खरे सांगावयाचे तर, वाचण्याची गरजही नव्हती; तो अजून पाठ आहे.