रेणूंची रांग आणि प्रकाशाचा रंग

कांचेंतून किंवा पाण्यांतून जातांना प्रकाशाचा किरण वांकतो, क्षीणही होतो. परंतु तांबडा किरण तांबडाच राहतो, असा नित्याचा अनुभव आहे. १९६० सालीं अमेरिकेंत थिओडोर मेमन यांनीं माणकाचा लेसर सिद्ध केला आणि या अनुभवाची मर्यादा उघड झाली. १९६१ सालीं मिशिगन विद्यापीठांत पीटर फ्रँकेन व त्यांचे सहकारी यांनीं त्या लेसराचा ६९४३ अँगस्ट्रॉम तरंगलांबीचा तांबडा किरण क्वार्ट्‌झच्या स्फटिकांतून पाठविला. तेव्हां नेमक्या निम्म्या तरंगलांबीचा, डोळ्यांस न दिसणारा प्रकाशही बाहेर पडला. तो इतका अंधुक होता कीं, निबंध छापतांना छायाचित्रांतील त्याचा ठिपका डाग समजून पुसला गेला!

मंद प्रकाशांत पदार्थांतील इलेक्ट्रॉन त्या प्रकाशाच्या प्रमाणांतच हेलकावतात. लेसराच्या प्रखर तेजांत हें प्रमाण सुटतें व दुप्पट कंपनसंख्येचा अंश उत्पन्न होतो. अशा घटनांच्या शास्त्रास अरेषीय प्रकाशविज्ञान म्हणतात.

आरंभीं या कामीं खनिजांचे व क्षारांचे स्फटिक योजले जात. १९६४ सालीं रेंट्झेपिस व पाओ यांनीं बेंझपायरीन या सेंद्रिय पदार्थांत हाच परिणाम दाखविला. १९६८ सालीं कर्ट्‌झ व पेरी यांनीं नुसत्या भुकटीवरून पदार्थ पारखण्याची रीत दिली. मोठा स्फटिक वाढविण्याचे श्रम वांचले व शोधास वेग आला.

रंगांच्या कारखान्यांत परिचित असलेलें पॅरा-नायट्रोअ‍ॅनिलीन या दृष्टीनें फार गुणी. त्याच्या रेणूच्या एका टोकास इलेक्ट्रॉन देणारा दाता, तर दुसऱ्या टोकास घेणारा याचक. मधल्या बेंझीनच्या कड्यांतून हा व्यवहार सुलभ चालतो. परंतु स्फटिक बनतांना हे रेणु जोडीजोडीनें उलटसुलट निजतात. एकाचें डोकें दुसऱ्याच्या पायाशीं येतें आणि दोघांचा परिणाम परस्परांस छेदून शून्य होतो. गुणी रेणूंचा स्फटिक निर्गुण निघावा, हेंच रसायनज्ञांपुढील खरें कोडें होतें.

उपाय साधाच निघाला. दात्याच्या शेजारीं मेथिलाचा एक लहानसा गट जोडला, कीं ही उलटसुलट मांडणी मोडते. या नव्या पदार्थाचे उत्कृष्ट गुण बेल प्रयोगशाळेंतील संशोधकांनीं १९७९ सालीं मोजून प्रसिद्ध केले. १९८९ सालीं मार्डर, पेरी व शेफर यांनीं दुसरा मार्ग दाखविला. त्यांनीं धनभारित रंगद्रव्याच्या रेणूंमध्यें ऋणभारित सोबती बसवून त्यांस एका दिशेस राखिलें. त्यांतून मिळालेल्या ‘डास्ट’ नांवाच्या क्षाराची भुकटी युरियाच्या सुमारें १००० पट प्रभावी ठरली. टेराहर्ट्‌झ लहरी उत्पन्न करण्यासाठीं त्याचे स्फटिक वापरले जातात.

सेंद्रिय स्फटिक मऊ व नाजूक असतात; म्हणून लिथियम नायोबेटासारख्या कणखर स्फटिकांचें स्थान अद्याप टिकून आहे. तथापि खनिजाची घडण निसर्गाकडून मिळेल तशी घ्यावी लागते. सेंद्रिय रेणु मात्र हेतुपूर्वक घडवितां येतो. त्यास उत्तम गुण देणें हें निम्मेंच काम. त्यास योग्य शेजार मिळवून देणें हें उरलेलें, आणि अधिक अवघड.