थॉर हुसहोव्ड : नॉर्वेचा विश्वविजेता सायकलपटू

हिवाळी खेळांचा देश म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नॉर्वेला व्यावसायिक सायकल शर्यतींच्या नकाशावर ठळक स्थान मिळवून देणाऱ्या खेळाडूंमध्ये थॉर हुसहोव्डचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. टूर दे फ्रान्समधील १० वैयक्तिक टप्प्यांवर विजय, दोन वेळा हिरवी जर्सी आणि २०१० मधील रस्ता शर्यतीचे विश्वविजेतेपद ही त्याच्या कारकिर्दीची मुख्य कमाई. स्प्रिंटर, म्हणजे अखेरच्या काहीशे मीटरमध्ये मुसंडी मारणारा सायकलपटू, अशी त्याची ओळख होती. मात्र त्याचे सर्वात संस्मरणीय पराक्रम स्प्रिंटरांना नकोशा वाटणाऱ्या डोंगराळ रस्त्यांवर घडले.

जडणघडण

हुसहोव्डचा जन्म १८ जानेवारी १९७८ रोजी नॉर्वेच्या दक्षिण किनाऱ्यावरील आरेन्डाल येथे झाला. जवळच्याच ग्रिमस्टॅड या गावात तो वाढला. धिप्पाड बांधा आणि ताकदीच्या जोरावर शर्यत खेचून नेण्याची शैली यांमुळे पुढे 'ग्रिमस्टॅडचा बैल' हे टोपणनाव त्याला चिकटले. याच परिसरातील डाग ओटो लाउरिट्सन याने १९८७ मध्ये लूझ आर्दिदेनच्या चढावर टूरचा टप्पा जिंकला होता. टूरमध्ये टप्पा जिंकणारा तो पहिला नॉर्वेजियन. त्यामुळे फ्रान्समधील ही शर्यत ग्रिमस्टॅडच्या मुलांना अगदीच परकी नव्हती.

१९९८ मध्ये नेदरलँड्समधील फाल्केनबुर्ख येथे हुसहोव्डने २३ वर्षांखालील गटात टाइम ट्रायलचे जागतिक अजिंक्यपद पटकावले. त्याच वर्षी पॅरिस-रूबे आणि पॅरिस-तूर या शर्यतींचे युवा गटातील विजेतेपदही त्याने मिळवले. २००० मध्ये फ्रान्सच्या क्रेदी अग्रिकोल संघातून त्याची व्यावसायिक कारकीर्द सुरू झाली आणि या संघात तो २००८ पर्यंत राहिला.

पिवळी आणि हिरवी जर्सी

टूर दे फ्रान्समध्ये एकूण वेळेत आघाडीवर असणाऱ्या सायकलपटूला पिवळी जर्सी मिळते. हिरवी जर्सी मात्र गुणांवर ठरते. टप्प्याच्या अंतिम रेषेवर आणि वाटेतील ठरावीक ठिकाणी आधी पोहोचणाऱ्यांना गुण दिले जातात व सपाट टप्प्यांच्या शेवटी ते अधिक असतात. म्हणून ही जर्सी सर्वसाधारणपणे स्प्रिंटरांची मानली जाते. तथापि तीन आठवडे रोज गुण जमवत राहण्याचे सातत्यही तिच्यासाठी तितकेच आवश्यक असते.

हुसहोव्डने २००२ मध्ये बूर्ग-आँ-ब्रेस येथे टूरमधील आपला पहिला वैयक्तिक टप्पा जिंकला. २००४ मध्ये पिवळी जर्सी परिधान करणारा तो पहिला नॉर्वेजियन ठरला. पुढच्याच वर्षी एकही टप्पा न जिंकता केवळ सातत्याच्या बळावर त्याने हिरवी जर्सी मिळवली. हा मानही नॉर्वेला प्रथमच लाभला.

२००६ ची टूर त्याच्यासाठी नाट्यमय ठरली. स्ट्रासबुर्ग येथील सलामीची टाइम ट्रायल त्याने एका सेकंदापेक्षाही कमी फरकाने जिंकली. दुसऱ्याच दिवशी अंतिम रेषेजवळ एका प्रेक्षकाच्या हातातील पुठ्ठ्याच्या जाहिरातीने त्याचा दंड कापला गेला. रक्तबंबाळ अवस्थेत त्याला रुग्णालयात न्यावे लागले आणि पिवळी जर्सीही हातून गेली. टाके घालून तो पुन्हा शर्यतीत उतरला आणि लगेचच्या टप्प्यात त्याने ती परत मिळवली. पॅरिसच्या शाँझेलिझे मार्गावरील समारोपाचा टप्पाही त्याच्याच नावावर लागला.

२००९ चा वाद

२००९ मध्ये हुसहोव्ड सर्व्हेलो संघात दाखल झाला. त्या वर्षीच्या टूरमध्ये ब्रिटनचा मार्क कॅव्हेंडिश जवळपास अजिंक्य होता. त्याने तब्बल सहा टप्पे जिंकले, तर हुसहोव्डच्या वाट्याला बार्सिलोना येथील एकच विजय आला. असे असूनही दोघांमधील गुणांचे अंतर थोडेच होते. बेझाँसाँ येथे कॅव्हेंडिशने आपल्याला कठड्याकडे रेटल्याची तक्रार हुसहोव्डने केली. पंचांनी ती मान्य करून कॅव्हेंडिशला घोळक्याच्या अखेरीस टाकले व त्याचे गुण गेले. हिरवी जर्सी रस्त्यावर नव्हे, तर पंचांच्या कागदावर जिंकली जाणार, अशी टीका होऊ लागली.

या टीकेला हुसहोव्डने सतराव्या टप्प्यात उत्तर दिले. बूर्ग-सां-मोरीस ते ल ग्राँ-बोर्नां हा आल्प्समधील टप्पा गिर्यारोहकांसाठी आखलेला होता. ८० किलोहून अधिक वजनाचा हुसहोव्ड तेथे घोळक्यातून बाहेर पडला आणि एकट्याने मोठे घाट ओलांडत पुढे गेला. वाटेतील गुणांची दोन्ही ठिकाणे प्रथम गाठून त्याने १२ गुण मिळवले. पॅरिसमध्ये अंतिम गणित २८० विरुद्ध २७० असे झाले. घाटातील ते १२ गुण नसते, तर जर्सी कॅव्हेंडिशकडे गेली असती. बेझाँसाँच्या निर्णयावर मतभेद कायम राहिले, परंतु हुसहोव्डच्या पात्रतेविषयी शंका घेणे त्यानंतर अवघड झाले.

इंद्रधनुषी जर्सी

२०१० च्या मे महिन्यात सरावादरम्यान त्याचे गळपट्टीचे हाड मोडले. तरीही जुलैमध्ये दगडी चिऱ्यांच्या खडबडीत रस्त्यांवरून आरेनबर्गला पोहोचणारा टूरचा टप्पा त्याने जिंकला. ३ ऑक्टोबर २०१० रोजी ऑस्ट्रेलियातील जीलाँग येथे सुमारे २६० किलोमीटरच्या शर्यतीअखेर डेन्मार्कचा मॅटी ब्रेशेल आणि यजमान देशाचा अ‍ॅलन डेव्हिस यांना मागे टाकून तो विश्वविजेता झाला. पुरुषांच्या व्यावसायिक गटात नॉर्वेचे हे पहिलेच विजेतेपद होते.

विश्वविजेत्याची इंद्रधनुषी पट्ट्यांची जर्सी घेऊन तो २०११ च्या टूरमध्ये गार्मिन-सर्व्हेलो संघातून उतरला. सांघिक टाइम ट्रायलमधील विजयानंतर पिवळी जर्सी त्याच्याकडे आली. म्यूर-द-ब्रेताञच्या चढावर ती जाणार असे मानले जात असताना कॅडेल इव्हान्सपेक्षा केवळ एका सेकंदाची आघाडी त्याने राखली आणि एकूण सात दिवस ती सांभाळली. पुढे पो ते लूर्द या टप्प्यात १,७०९ मीटर उंचीचा ओबिस्क घाट पार करून, उतारावर पिछाडी भरून काढत, अखेरच्या काही किलोमीटरमध्ये जेरेमी रॉयला गाठून त्याने विजय मिळवला. त्यानंतर गाप येथील टप्पाही त्याने जिंकला. त्याच टूरमध्ये त्याचा देशबांधव एडवाल्ड बोआसन हागेन यानेही दोन टप्पे जिंकले.

अखेरची वर्षे आणि वारसा

२०१२ मध्ये बीएमसी संघात गेल्यावर विषाणूजन्य आजाराने त्याचा हंगाम वाया गेला. २०१३ मध्ये त्याने नॉर्वेच्या उत्तर भागातील पहिली आर्क्टिक रेस जिंकून पुनरागमन केले, परंतु पूर्वीचे बळ फार काळ टिकले नाही. २०१४ मध्ये तो निवृत्त झाला. पॅरिस-रूबे जिंकण्याचे त्याचे स्वप्न मात्र अपुरे राहिले. २००९ मध्ये तिसरा आणि २०१० मध्ये दुसरा क्रमांक हीच तेथील त्याची सर्वोत्तम कामगिरी.

निवृत्तीनंतर हुसहोव्डने नॉर्वेच्या उनो-एक्स संघाच्या व्यवस्थापनाची धुरा घेतली. १६ जुलै २०२५ रोजी तुलूझ येथे या संघाच्या योनास आब्राहामसनने टूरचा टप्पा जिंकला. संघाचा टूरमधील हा पहिलाच टप्पाविजय होता. शर्यतीच्या काही आठवडे आधी आब्राहामसनचेही गळपट्टीचे हाड मोडले होते. हुसहोव्डला फ्रान्समध्ये व्यावसायिक होण्यासाठी परदेशी संघ गाठावा लागला होता. त्याच्यानंतरच्या पिढीला मात्र स्वदेशी संघाची जर्सी घालून टूरमध्ये उतरता आले.