बीबीसी वर्ल्ड न्यूज वाहिनी : कार्यक्रमांच्या वेळापत्रकातील बदल

बीबीसीच्या लंडनहून चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय इंग्रजी वृत्तवाहिनीच्या कार्यक्रम-मांडणीत १९९१ पासून झालेल्या फेरबदलांचा आढावा. ही वाहिनी आरंभी बीबीसी वर्ल्ड सर्व्हिस टेलिव्हिजन, १९९५ पासून बीबीसी वर्ल्ड व २१ एप्रिल २००८ पासून बीबीसी वर्ल्ड न्यूज या नावाने ओळखली गेली. ३ एप्रिल २०२३ रोजी ती ब्रिटनमधील बीबीसी न्यूज वाहिनीशी जोडण्यात आली. एकाच देशासाठी चालणाऱ्या वाहिनीला सकाळ, दुपार, रात्र अशी सोपी विभागणी करता येते. जगभर दिसणाऱ्या वाहिनीला ती सोय नसते. तिच्या दिवसाचा प्रत्येक तास कुठल्या तरी प्रदेशाची संध्याकाळ असतो आणि दुसऱ्या कुठल्या तरी प्रदेशाची मध्यरात्र. त्यामुळे कोणता कार्यक्रम कोणत्या तासाला लावायचा, हे ठरवताना वाहिनी आपला प्रेक्षक कोण हेही ठरवत असते. म्हणून या वाहिनीचे वेळापत्रक हा तिच्या संपादकीय धोरणाचा महत्त्वाचा दस्तऐवज मानला पाहिजे.

वेळेचे गणित : वाहिनीचे आंतरराष्ट्रीय वेळापत्रक ग्रिनिच प्रमाणवेळेनुसार (जीएमटी) मांडले जाई. भारतीय प्रमाणवेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे असल्याने तिकडे तासाच्या ठोक्याला सुरू होणारे बातमीपत्र भारतात नेहमी साडेच्या वेळेला लागते. शिवाय ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास पुढे आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा मागे केली जातात. भारतात असा बदल होत नाही. लंडनच्या घड्याळाप्रमाणे दुपारी २ वाजता बांधलेला कार्यक्रम त्यामुळे भारतात हिवाळ्यात संध्याकाळी ७.३० वाजता आणि उन्हाळ्यात ६.३० वाजता दिसतो. लंडनच्या कार्यालयात त्या कार्यक्रमाची वेळ तसूभरही हललेली नसते, पण पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाची वेळ मात्र तासभर सरकते. वर्षातून दोनदा होणारा हा फेरबदल नियमित असला तरी ग्रिनिच वेळेला बांधलेले आणि लंडनच्या स्थानिक वेळेला बांधलेले कार्यक्रम एकमेकांवर येऊ नयेत, यासाठी मधले तास नव्याने जुळवावे लागतात.

प्रारंभ व पहिली मोठी पुनर्रचना : बीबीसीची जागतिक नभोवाणी सेवा त्या काळी ब्रिटिश सरकारच्या अनुदानावर चाले. दूरचित्रवाणीसाठी तसे अनुदान न मिळाल्याने वाहिनी व्यापारी तत्त्वावर, म्हणजे वर्गणी आणि जाहिरातींच्या बळावर, उभी राहिली. मार्च १९९१ मध्ये बीबीसी वर्ल्ड सर्व्हिस टेलिव्हिजन सुरू झाले. त्याच वर्षी हाँगकाँगच्या स्टार टीव्हीमार्फत ते एशियासॅट-१ उपग्रहावरून आशियात पोहोचले. भारतातील शहरांमध्ये केबलचे जाळे पसरू लागले होते आणि एकट्या दूरदर्शनची सवय असलेल्या प्रेक्षकांना चोवीस तास बातम्या देणारी विदेशी वाहिनी घरबसल्या दिसू लागली. १९९४ मध्ये स्टारच्या चीनकडील प्रक्षेपणातून ती वगळण्यात आली. कार्यक्रमांच्या वेळा कितीही नेटक्या आखल्या, तरी वाहिनी कोणाच्या उपग्रहावरून जाते यावर तिचा प्रेक्षकवर्ग अवलंबून असतो, ही गोष्ट त्यातून स्पष्ट झाली. जानेवारी १९९५ मध्ये सेवेची फोड करण्यात आली. करमणुकीचे कार्यक्रम बीबीसी प्राइमकडे गेले आणि बीबीसी वर्ल्ड ही बातम्या व माहितीपर कार्यक्रमांची वाहिनी झाली.

तासाची घडण : नव्या वाहिनीच्या तासाचा साचा सर्वसाधारणपणे असा असे. तासाच्या आरंभी बातमीपत्र, आणि उरलेल्या अर्ध्या तासात अर्थवार्ता, क्रीडावृत्त, मुलाखत किंवा माहितीपट. जाहिरातींसाठी मध्ये राखीव जागा सोडलेल्या असत. ज्या प्रदेशात जाहिराती विकल्या गेलेल्या नसत, तेथे त्या मोकळ्या मिनिटांत वाहिनीची स्वतःची जोडचित्रे दाखवली जात. बातमीपत्राखेरीजच्या कार्यक्रमांचे दिवसातून अनेकदा पुनःप्रसारण होई, कारण लंडनच्या सकाळी दाखवलेली मुलाखत अमेरिकेत लोक झोपेत असताना लागे आणि ती पुन्हा दाखवल्याखेरीज तेथे पोहोचतच नसे. ‘हार्डटॉक’ या मुलाखतींच्या कार्यक्रमाने या रचनेचा पुरेपूर फायदा घेतला. तो ३१ मार्च १९९७ रोजी टिम सबॅस्टियन यांच्या सूत्रसंचालनाखाली सुरू झाला. पुढे स्टीफन सॅकर यांनी त्याची धुरा सांभाळली. एकच मुलाखत दिवसभरात वेगवेगळ्या खंडांतील प्रेक्षकांना त्यांच्या सोयीच्या वेळी बघायला मिळे.

भारतासाठी राखलेले तास : दक्षिण आशियाच्या प्रक्षेपणात काही तास भारतात तयार झालेल्या कार्यक्रमांना दिले गेले. सिद्धार्थ बसू यांचा ‘मास्टरमाइंड इंडिया’ १९९८ पासून दाखवला गेला. प्रणय रॉय यांचा ‘क्वेश्चन टाइम इंडिया’ आणि करण थापर यांचा ‘हार्डटॉक इंडिया’ हेही याच मालिकेतले. तामिळनाडूच्या तत्कालीन मुख्यमंत्री जयललिता यांची थापर यांनी घेतलेली २००४ मधील मुलाखत आजही चर्चिली जाते. या कार्यक्रमांमुळे भारतीय प्रेक्षकाला जगाच्या वाहिनीवर आपल्या देशातील प्रश्नांची चर्चा आपल्या संध्याकाळी ऐकायला मिळाली. पुढे भारतातच इंग्रजी वृत्तवाहिन्यांची संख्या वाढली आणि या तासांचे पूर्वीचे वेगळेपण उरले नाही.

प्रदेशनिहाय कार्यक्रमांचे पर्व : २००७ ते २०१४ या काळात सर्वसाधारण बातमीपत्रांच्या जागी नाव असलेले, ठरावीक निवेदकाचे आणि ठरावीक प्रदेशाला डोळ्यांसमोर ठेवून केलेले कार्यक्रम आले. १ ऑक्टोबर २००७ रोजी वॉशिंग्टनहून ‘बीबीसी वर्ल्ड न्यूज अमेरिका’ सुरू झाला. २०१० च्या फेरबदलात जॉर्ज अलागिया यांचा ‘जीएमटी’ दाखल झाला. ‘न्यूजडे’ हा जून २०११ मध्ये सुरू झालेला कार्यक्रम लंडन आणि सिंगापूर येथील निवेदक मिळून सादर करत. आशियात दिवस उजाडताना लंडनमध्ये मध्यरात्र असते, तेव्हा त्या दिवसाची सुरुवात सिंगापूरहून व्हावी, हा त्यामागचा विचार होता. जून २०१२ मध्ये ‘फोकस ऑन आफ्रिका’ हा नभोवाणीवरचा जुना कार्यक्रम दूरचित्रवाणीवर आला. घानाचे कोम्ला डुमोर हे त्याचे प्रमुख निवेदक होते. आफ्रिकेच्या बातम्या आफ्रिकी निवेदकाने रोजच्या ठरावीक वेळी सांगणे, ही त्या खंडातील प्रेक्षकांसाठी मोलाची गोष्ट होती. १४ जानेवारी २०१३ रोजी वाहिनी लंडनच्या ब्रॉडकास्टिंग हाउसमध्ये हलली. २०१४ पासून रॉस ॲटकिन्स यांचा ‘आउटसाइड सोर्स’ दूरचित्रवाणीवर दिसू लागला. स्पर्शपडद्यावर बातम्यांचे स्रोत उलगडून दाखवणे हे त्याचे वैशिष्ट्य होते. काही कार्यक्रम ठरावीक मुदतीसाठी आले आणि टिकले. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकी अध्यक्ष डॉनल्ड ट्रम्प यांच्या कारकिर्दीच्या पहिल्या शंभर दिवसांसाठी ‘हंड्रेड डेज’ सुरू झाला. प्रतिसाद पाहून तो ‘बियाँड हंड्रेड डेज’ या नावाने पुढे चालू ठेवला गेला.

आकस्मिक बदल : छापील वेळापत्रक मोठ्या घटनेपुढे बाजूला ठेवावे लागते. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कवरील पहिला हल्ला स्थानिक वेळेनुसार सकाळी ८.४६ ला, म्हणजे भारतात संध्याकाळी ६.१६ ला झाला. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईतील हल्ला रात्री साडेनऊच्या सुमारास सुरू झाला. लंडनमध्ये तेव्हा दुपारचे ४ वाजले होते आणि न्यूयॉर्कमध्ये सकाळचे ११. मुंबई जागून काढत असलेल्या त्या रात्री युरोपची संध्याकाळ आणि अमेरिकेचा दिवस चालू होता. आंतरराष्ट्रीय वाहिन्यांनी नेहमीचे कार्यक्रम बाजूला ठेवून २९ नोव्हेंबरपर्यंत मुंबईचे वृत्तांकन लावून धरले. अशा वेळी सर्वांत आधी माहितीपट आणि पुनःप्रसारणे गळतात, मग मुलाखती. तासाच्या ठोक्याला येणारे ठळक मथळे मात्र शक्यतो सांभाळले जातात, कारण मध्येच वाहिनी लावणाऱ्याला घटनेचा आरंभापासूनचा धागा तिथेच मिळतो. मार्च २०२० मध्ये कोविड महासाथीमुळे झालेला बदल याहून दूरगामी ठरला. कर्मचारी कमी झाल्याने अनेक कार्यक्रम थांबवून देशी आणि आंतरराष्ट्रीय या दोन्ही वाहिन्यांवर बरेच तास एकच प्रसारण सुरू झाले.

विलीनीकरण व नंतर : मे २०२२ मध्ये बीबीसीचे महासंचालक टिम डेव्ही यांनी खर्चकपातीची योजना मांडली. दोन्ही वृत्तवाहिन्या एक करणे हा तिचा भाग होता. ३ एप्रिल २०२३ रोजी ती अमलात आली. दिवसाचा मोठा भाग सामाईक झाला. ब्रिटनमध्ये मोठी देशांतर्गत घटना घडल्यास तेथील प्रसारण वेगळे करण्याची सोय ठेवण्यात आली. मुख्य निवेदक म्हणून मॅथ्यू अमरोलीवाला, ल्युसी हॉकिंग्ज, मरियम मोशिरी, ख्रिश्चन फ्रेझर आणि याल्दा हकीम यांची नावे आधीच जाहीर झाली होती. मोशिरी यांचा ‘द वर्ल्ड टुडे’ आणि फ्रेझर यांचा ‘द कॉन्टेक्स्ट’ हे नव्या मांडणीतले ठळक कार्यक्रम ठरले. ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘हार्डटॉक’ बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला आणि मार्च २०२५ मध्ये अठ्ठावीस वर्षांची ही परंपरा संपली.

मूल्यमापन : सामाईक प्रसारणाने खर्च वाचतो आणि मोठ्या घटनेच्या वेळी सगळे बळ एका ठिकाणी लावता येते, हे मान्य केले पाहिजे. पण त्याची किंमत दूरच्या प्रेक्षकाला मोजावी लागते. ब्रिटिश राजकारणाची सविस्तर चर्चा नैरोबी, ढाका किंवा नागपूरच्या प्रेक्षकाच्या गरजेची असतेच असे नाही आणि ती ज्या तासात चालते, तो तास त्याच्या प्रदेशातील बातमीसाठी उरत नाही. प्रदेशनिहाय कार्यक्रमांचे महत्त्व निवेदकाच्या नावापुरते नव्हते. त्यांच्यामुळे एखाद्या खंडातील बातमीला रोज हक्काची वेळ मिळे आणि ती वेळ भरण्यासाठी तिथे वार्ताहर, निर्माते आणि तज्ज्ञ राखावे लागत. अशी वेळ वेळापत्रकातून गेली की, त्या माणसांची रोजची गरजही संपते. मुलाखतीच्या दीर्घ कार्यक्रमाचेही तसेच आहे. सत्ताधाऱ्याला अर्धा तास सलग प्रश्न विचारण्याची जागा मोडली, तर धावत्या बातमीपत्रातील तीन-चार मिनिटांत तिची भरपाई होऊ शकत नाही. म्हणून आंतरराष्ट्रीय वाहिनीने वेळापत्रक बदलताना वाचलेल्या पैशाबरोबरच कोणत्या प्रदेशाचा तास गेला, याचाही हिशेब प्रेक्षकांपुढे ठेवणे आवश्यक आहे.