राखलेलं गवत

पितृपक्ष सरेपर्यंत त्या खोलीच्या कडीला कुणी हात लावत नसे. घट बसले की दुसऱ्या दिवशी सकाळी आजी पदर खोचून पडवीच्या टोकाला जायची, पावसात फुगून बसलेलं दार खांद्यानं रेटायची आणि आतला कुबट वारा बाहेर पडेपर्यंत उंबऱ्याशी उभी राहायची. घरात तिला ‘शिकाऱ्यांची खोली’ म्हणत. आमच्यात शिकारी कुणीच नव्हतं. किन्हवलीहून सरळगावकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या अंगाला, शहापूर आणि मुरबाड तालुक्यांच्या शिवेजवळ आमचं कुणब्याचं घर. थोडी भातखाचरं, मागे डोंगराकडे चढत गेलेली वरकस जमीन, आणि त्या वरकसावर नाचणी, वरी नि गवत. मुंबईचे लोक यायचे ते त्या गवतातल्या लावऱ्यांसाठी.

आजी माळकरी होती. तिनं आयुष्यात मांसाला हात लावला नाही. पण खोली तिनंच तयार करायची, हे ठरलेलं. कारवीच्या कुडाची भिंत पावसात जिथं जिथं पोपडे धरायची तिथं शेणमातीनं लिंपायची, मग सबंध खोली सारवायची आणि कडेनं चुन्याचा पट्टा ओढायचा. बाजांचे सुंभ सैल झालेले असत. थोरले काका पायाचा अंगठा लावून ते ओढून घट्ट करत. कंदिलाच्या काचा राखेनं घासून परसात ओळीनं उन्हात मांडल्या की आम्हा पोरांना तिकडे फिरकायलाही बंदी. शिकारीची भांडी वेगळी, चूल वेगळी, तीही मागच्या पडवीत. ती चूल आजी स्वतः लिंपून द्यायची आणि मग दोन महिने तिच्याकडे बघायची नाही.

दसऱ्याला पाटावर नांगराचा फाळ, कोयता, विळे यांच्या शेजारी आजोबांची ठासणीची बंदूकही यायची. ती रानडुकरांपासून पीक राखायला होती, तिचा लावरीशी काही संबंध नव्हता. पाहुण्यांकडे बारा बोअरच्या दुनळी आणि आठ नंबरच्या बारीक छऱ्यांची काडतुसं असत. मूठभर पाखरू, त्याला मोठा छरा लागला तर हातात पिसंच उरायची, असं आजोबा सांगत.

हे लोक इथवर पोहोचले ते रेल्वेनं. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे धावलेली गाडी १८६१ मध्ये कसाऱ्यापर्यंत आली आणि १८६५ मध्ये थळघाट चढून इगतपुरीला गेली. मुंबईच्या माणसाला शनिवारी गाडीत बसून आसनगावला उतरणं सोपं झालं. १८९२ मध्ये तानसाचं धरण पुरं झालं, तिकडचं रान शहराच्या पाण्यासाठी राखलं गेलं. थोरामोठ्या साहेबांची बिबट्या-सांबरांची शिकार वेगळ्या वाटेनं चालायची. त्यांच्यासाठी सरकारी बंगले होते, शिपाई होते. आमच्याकडे यायचे ते मधले लोक: रेल्वेतला एखादा अंमलदार, एक पारशी डॉक्टर, कापडाच्या पेढीवरचे दोन भाऊ. आजोबा त्यांना घ्यायला छकडा घेऊन आसनगावला जात. परत येईतो दिवस कलायचा.

पण हंगामाची खरी तयारी खोलीत होत नसे. ती डोंगराच्या अंगाला, भाद्रपदातच सुरू झालेली असे, आणि ती करणारा माणूस आमच्या घरातला नव्हता.

वरच्या ठाकरवाडीतला एक म्हातारा आजोबांच्या बरोबरीचा होता. आम्ही त्याला बाबा म्हणत असू. गणपती गेले की तो विळा घेऊन येई आणि आजोबांबरोबर वरकसावर चढे. त्या काळी गवत म्हणजे रोकड पैसा. शहापूर, मुरबाड, वाड्याचं गवत कापून, वाळवून, गाठी बांधून मुंबईच्या तबेल्यांना जाई, आणि पावसानं उघडीप दिली की ज्याला त्याला आपला डोंगर लवकर रिकामा करायची घाई. बाबा उतारावर उभा राहून बोट फिरवे. नाचणीच्या शेताची वरची कड, पुढे ओहोळ, ओहोळापलीकडचं करवंदीचं जाळं. एवढ्यातलं कुसळीचं, पवन्याचं गवत कापायचं नाही. चांगला वीस-पंचवीस हात रुंद पट्टा. आजोबा दरवर्षी कुरकुरत, कारण त्या पट्ट्यात चार गाड्या गवत सहज निघालं असतं. बाबा म्हणे, “दादा, तुमचं पाव्हणं काय गवताच्या गंजीत लावर शोधतील का? तिला घर ठेवा, मंग पाव्हण्यांना घर ठेवा.”

त्यामागचं शास्त्र मला फार उशिरा, पुस्तकांतून कळलं. आमच्या डोंगरावरची झुडपी लावरी बारमाही इथलीच. पाऊस ओसरता ओसरता तिची वीण सुरू होते आणि हिवाळ्यात चालू राहते. घरटं म्हणजे गवताच्या बुंध्यात जमिनीवरचा नुसता खळगा. गवत सरसकट कापलं की अंडी विळ्याखाली जातात आणि उरलेल्या पाखरांना ससाण्यापासून आडोसा राहत नाही. दुसरा तो बटेर, करड्या अंगाचा, उत्तरेकडून थंडीच्या तोंडाशी उतरणारा. तो कापलेल्या शेतातल्या सांडलेल्या दाण्यांवर येतो, पण त्यालाही दुपारी दडायला उभं गवत लागतंच. म्हणजे खाणं उघड्यावर आणि लपणं शेजारीच, हाताच्या अंतरावर. बाबानं बोटानं आखलेली रेघ बरोबर त्या दोहोंच्या सांध्यावरून जायची.

त्यानं आणखी एक पाखरू दाखवलं होतं. दिसायला थेट लावरी, पण पायाला मागचं बोट नाही. त्यात मादी मोठी आणि गडद रंगाची. तीच घुमून नराला बोलावते, अंडी घालून निघून जाते, आणि अंडी उबवणं, पिल्लं हिंडवणं सगळं नर करतो. हे ऐकून आजीनं हातातलं सूप खाली ठेवलं होतं म्हणे. “मारू देऊ नका हो त्याला,” ती आजोबांना म्हणाली. “बापडा एकटा पोरं वाढवतो.” ते पाखरू आमच्या डोंगरावर कुणी मारायचं नाही, असं मग ठरलं. पाहुण्यांना ओळखू आलं नाही तर बाबा त्यांच्या बंदुकीच्या नळीवर हात ठेवी.

शिकारीची सकाळ मी एकदाच पाहिली, आठ वर्षांचा असताना. हौसेनं पाहुणे अंधारातच उठून बसले होते, पण बाबा ओट्यावर शांत बिडी ओढत होता. गवतावर दव आहे तोवर लावरी हलत नाही, पायाखाली येईपर्यंत दबून बसते, ओल्या रानात जाऊन उगाच तिला तुडवायचं नाही. दव उडालं तसा तो उठला. तो पुढे, दोन हाकारे बाजूला, बंदुका मागे. बराच वेळ नुसती गवताची सळसळ. मग एकदम त्याच्या पायातून फर्रर्र करून जमीनच फुटल्यासारखी दहा-बारा पाखरं चहूकडे उधळली, दुनळी वाजल्या, आणि क्षणात सगळं संपलं. दोन लावऱ्या पडल्या. पाहुणे खूश होऊन पुढच्या टेकाडाकडे निघाले.

बाबा गेला नाही. करवंदीच्या जाळ्याआड खाली बसला आणि मलाही बसवलं. थोड्या वेळानं त्यानं ओठ मुडपून एक बारीक, थरथरती शीळ घातली. लांबून एक उत्तर आलं. मग ओहोळाकडून दुसरं. उधळलेला थवा एकमेकांना हाका मारत पुन्हा गोळा होतो; थव्यातली पाखरं रात्री गोल करून, डोकी बाहेरच्या अंगाला ठेवून झोपतात, म्हणून त्यांना एकमेकांवाचून चालत नाही, असं तो सांगे. प्रत्येक नव्या शिळेला तो एक खडा डाव्या हातात घेई. सहा झाले, सात झाले, आठ झाले. मग तो उठला. आठांच्या खाली खडे राहिले तर त्या उतारावर त्या वर्षी पुन्हा बंदूक जायची नाही, हा त्याचा कायदा. आजोबा पाहुण्यांना सांगताना ‘तिकडे यंदा पाखरू नाही’ एवढंच सांगत.

सरकारचा कायदाही होता. १९१२ च्या पशुपक्षी संरक्षण कायद्याच्या यादीत लावा होता. प्रांत सरकारनं ठरवलं तर काही महिने त्याची शिकार बंद ठेवता येई. १९५१ मध्ये मुंबई राज्यानं आपला स्वतंत्र कायदा केला. तो घडवण्यात हुमायून अब्दुलअली यांचा मोठा वाटा होता. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे ते कार्यकर्ते, पक्ष्यांचे जाणकार. त्या संस्थेच्या सुरुवातीच्या पिढीत बंदूकवाले पुष्कळ होते. सालिम अली यांचा पक्ष्यांकडचा प्रवास लहानपणी छऱ्याच्या बंदुकीनं पाडलेल्या पिवळ्या गळ्याच्या चिमणीपासून सुरू झाला, हे तर सर्वांना ठाऊक आहे. त्यांचं १९४१ मध्ये निघालेलं भारतीय पक्ष्यांचं पुस्तक पारशी डॉक्टर आमच्याकडे ठेवून गेले. माझे वडील त्यातल्या चित्रांवर बोट ठेवून बाबाला नावं विचारत आणि समासात पेन्सिलीनं लिहून ठेवत. ते पुस्तक वाळवीनं खाल्लं. या साऱ्या गोष्टीतली ही एक हानी मला अजून सहन होत नाही. बंदुका कुणी झाडल्या, हे पाहुण्यांच्या घरच्या तसबिरींत असेल. थवा कुणी मोजला, हे त्या समासात होतं.

एक हंगाम मात्र ती खोली उघडलीच नाही. १९४२ चा. त्या शरदात भाई कोतवालांचा आझाद दस्ता कर्जत-मुरबाडच्या डोंगरांत होता. मुंबईला वीज नेणारे मनोरे ते पाडत होते. रानात कुठंही बार वाजला तरी पोलीस चढून यायचे. आजोबांनी पाहुण्यांना कळवलं की घरात आजारपण आहे. आजारपण नव्हतं. ठाकरवाडीतून रात्री कुणासाठी तरी भाकऱ्या वर जात होत्या आणि पीठ आमच्या जात्यातलं होतं, एवढंच आजी सांगे. कुणासाठी, ते तिनं मरेपर्यंत सांगितलं नाही. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात कोतवाल आणि हिराजी पाटील पडले. आजी म्हणे, ते कळलं त्या दिवशी बाबा दिवसभर आमच्या ओट्यावर बसून होता. कुणी काही बोललं नाही. त्या वर्षी गवताचा पट्टा उभाच राहिला, थेट होळीपर्यंत. पुढच्या साली लावऱ्या इतक्या झाल्या की चुलीमागं पिल्लं सापडत.

१९७२ च्या सप्टेंबरात वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला. परवान्यावर छोटी शिकार काही वर्षं कागदोपत्री शक्य होती, १९९१ च्या दुरुस्तीनं तीही संपली. आमच्याकडे मात्र पाहुणे बहात्तरनंतर आलेच नाहीत. बरं झालं. मला शिकारीची ओढ नाही आणि ती परत यावी असं तर मुळीच वाटत नाही. माझं दुःख निराळं आहे. शिकार गेली आणि तिच्यामागोमाग पट्टाही गेला. पाहुणे नाहीत तर गवत कशाला राखायचं, असं वडिलांनी म्हटलं आणि पुढच्याच वर्षी डोंगर कडेपर्यंत कापला गेला. मग वरीचं पीक गेलं, नाचणी गेली, तबेल्यांच्या गवताचा धंदा उतरला, आणि वरकसाचे तुकडे पडून तिथं तारेची कुंपणं आली. समृद्धी महामार्गाचा शेवटचा, इगतपुरी ते आमणे हा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला, तो शहापूर तालुक्यातूनच जातो. आता मुंबईचा माणूस सकाळी निघून चहाला इथं पोहोचतो. ढाब्यांच्या पाट्यांवर ‘बटेर’ असतो. ती पिंजऱ्यात वाढवलेली जपानी जात. कायद्यानं लावरीला वाचवलं ते बंदुकीपासून. तिचं घर राखण्याचं काम कायद्याच्या कलमात बसणारं नव्हतं. ते एका माणसाच्या बोटात होतं.

तीन वर्षांपूर्वी भावानं आणि मी ती खोली पुन्हा उघडली. आता दुर्बिणी घेऊन येणारे पाहुणे राहतात. तानसाच्या रानात २०१४ मध्ये रानपिंगळा दिसला, तेव्हापासून पक्षी बघणाऱ्यांचे पाय या बाजूला वळलेत. हंगाम तोच, दसऱ्यानंतरचा. वहिनी कुडाची भिंत लिंपते, मी बाजांचे सुंभ ओढतो. काकांसारखा अंगठा लावून ओढायला अजून जमत नाही. पहिल्याच वर्षी पाहुण्यांनी विचारलं, लावरी दिसेल का? माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी ठाकरवाडीत बाबाच्या नातवाकडे गेलो. तो मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जातो, रविवारी घरी असतो. त्यानं विचार केला, मग माझ्याबरोबर वर आला आणि उतारावर उभा राहून बोट फिरवलं. नाचणीचं शेत आता नाही, पण ओहोळ आहे, करवंदीचं जाळं आहे. “आजा इथून तिथपर्यंत दाखवायचा,” तो म्हणाला. तेवढा पट्टा आम्ही दोन पावसाळे राखला. तो राखण्याबद्दल त्याला खोलीच्या भाड्यातला हिस्सा जातो. आजोबांनी बाबाला वर्षाकाठी एक धोतर आणि मणभर भात दिलं, त्याचा हिशेब काही यानं फिटत नाही.

या वर्षी घट बसल्यावर, पाहुणे यायच्या आधी, एका सकाळी आम्ही दोघं दव उडायची वाट बघत ओट्यावर बसलो. मग तो पुढे आणि मी मागे. ओहोळाच्या अलीकडेच त्याच्या पायातून फर्रर्र झालं. किती होती ते दिसलं नाही. आम्ही करवंदीआड बसलो. त्यानं शीळ घातली. त्याला ती आजाकडून आली होती, मला कधीच जमली नाही. मी खडे हातात घेतले. एक, दोन. मग ओहोळाकडून तिसरी, लगेच चौथी, पाचवी. महामार्गावरून एक ट्रक गेला, त्यात पुढचं काही ऐकू आलं नाही. तो हलला नाही, मीही नाही. सहावी शीळ यायला बराच वेळ लागला.